शेवट ठाऊक असूनही

प्रेमकादंबऱ्यांवरचा पहिला आक्षेप इतका सोपा आहे की तो घ्यायला पुस्तक उघडावंही लागत नाही. शेवटी ती दोघं एकत्र येणार हे ठरलेलंच असेल, तर मधली साडेतीनशे पानं वाचायची कशासाठी? १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ पाहायला बसलेल्या प्रेक्षकांना कुणी असं विचारलं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. सुभद्रा दुर्योधनाची होणार नाही, अर्जुनाचीच होणार, हे नाटकाला आलेल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. कृष्ण ते कसं जमवून आणतो, बलरामदादाला कसा गुंडाळतो आणि तोवर सुभद्रेच्या जिवाची कशी कालवाकालव होते, हे बघायला माणसं रात्र रात्र जागायची, वन्समोअर घ्यायची. शेवट माहीत होता म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

रहस्यकथेला हाच न्याय लावून बघा. खुनी सापडणार हे पहिल्या पानापासून ठरलेलं असतं, तरी अगाथा ख्रिस्तीच्या वाचकाला कुणी भाबडा म्हणत नाही. भाबडेपणाचा शिक्का बसतो तो प्रेमकथा वाचणाऱ्यावर, त्यातही वाचणारीवर. हा शिक्का पुरुषांनीच मारला असंही नाही. १८५६ साली बायकांनी लिहिलेल्या खुळचट कादंबऱ्यांची यथेच्छ टर उडवणारा लेख लिहिला तो खुद्द जॉर्ज इलियटनं. तिचा राग वाईट लिहिण्यावर होता, सर्वगुणसंपन्न आणि सर्वज्ञ नायिकांवर होता. तो रास्तच होता. पण पुढच्या पिढ्यांनी त्यातली टर तेवढी उचलली आणि निकष सोडून दिला.

तो निकष आज लावायचा तर गेल्या दहाएक वर्षांत इंग्रजीत, मुख्यतः अमेरिकेत आणि काही प्रमाणात ब्रिटनमध्ये, लिहिल्या गेलेल्या प्रेमकादंबऱ्यांना लावून बघावा. एमिली हेन्री, हेलन होआंग, केनेडी रायन, टालिया हिबर्ट ही त्यातली ठळक नावं. आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांत या कादंबऱ्या दर्शनी टेबलावर असतात आणि लोकलच्या लेडीज डब्यातही दिसतात. मुखपृष्ठावर गुलाबी, पिवळा, मोरपंखी असा रंग आणि व्यंगचित्रासारखं काढलेलं एक जोडपं. उघड्या छातीचा नायक आणि त्याच्या बाहूंत कलंडलेली नायिका ही जुनी मुखपृष्ठं गेली, त्यामुळे पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायची गरज उरली नाही. या गोंडस कव्हरच्या आत मात्र मेलेलं मूल जन्माला आल्याचं दुःख असतं. वडील गेल्यावर त्यांचं दुसरं नातं उघडकीला आल्याचा धक्का असतो. कधीच बरं न होणारं अंगदुखीचं आजारपण, घटस्फोट, खचून जाईस्तोवर केलेली शुश्रूषाही असते. सुट्टीत डोक्याला ताप नको म्हणून घेतलेलं पुस्तक शंभराव्या पानावर रडवायला लागतं, आणि वाचणारी ते खाली ठेवत नाही.

का ठेवत नाही? अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेनं प्रेमकादंबरीच्या दोनच अटी सांगितल्या होत्या: प्रेमाची गोष्ट मध्यवर्ती हवी आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशादायी हवा. ही संस्था २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. व्याख्या टिकून आहे. टीकाकारांना त्यातली दुसरी अट म्हणजे कलेच्या पायातली बेडी वाटते. मला वाटतं, या कादंबऱ्यांची खोली याच अटीवर उभी आहे. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबा बांधतात. डबा बांधला म्हणून पाणी उथळ होत नाही. पोर पायऱ्या सोडून मधल्या पाण्यात जायला धजावतं, एवढंच. शेवटाची हमी वाचकासाठी हेच काम करते. ज्या दुःखाकडे एरवी आपण बोटांच्या फटीतून बघितलं असतं, त्याच्याजवळ जाऊन, डोळे उघडे ठेवून बसता येतं.

केनेडी रायनची ‘बिफोर आय लेट गो’ (२०२२) घ्या. अटलांटातलं यास्मेन आणि जोसाया वेड हे जोडपं. जोडपं म्हणायचं तरी कसं, कादंबरी सुरू होते तेव्हा त्यांचा घटस्फोट होऊन गेलेला आहे. दोन मुलं आहेत, ती आलटूनपालटून दोघांकडे राहतात. ‘ग्रिट्स’ नावाचं रेस्टॉरंट दोघांनी मिळून उभं केलंय, ते अजून दोघं मिळूनच चालवतात. म्हणजे नवराबायको उरले नाहीत, पण धंद्यातले भागीदार आहेत, आईबाप आहेत, आणि रोज एकमेकांचं तोंड बघावं लागतं. जोसायाला जिनं वाढवलं ती आत्या वारली, पाठोपाठ हेन्री हा त्यांचा मुलगा मृतावस्थेत जन्मला. यास्मेन नैराश्यात गेली. तिला अंथरुणातून उठवेना. जोसायानं स्वतःला कामाला जुंपून घेतलं. रेस्टॉरंट बुडत होतं, ते वाचवायला कुणीतरी हवंच होतं. तिला वाटलं, याला काहीच वाटत नाही. त्याला वाटलं, हिनं आपल्याला दाराबाहेर उभं केलंय. शेवटी घटस्फोट तिनं मागितला.

हीच गोष्ट ‘गंभीर’ कादंबरीत आली असती तर वाचताना माझं निम्मं लक्ष एका धास्तीनं खाल्लं असतं: ही बाई जीव तर देणार नाही ना? इथे ती धास्ती नाही, त्यामुळे बारीकसारीक गोष्टींकडे बघायला सवड मिळते. काम उपसत राहणं हाही शोकच असतो, आणि तो घरातल्या दुसऱ्या शोक करणाऱ्याला दिसत नाही, हे लक्षात येतं. वयात येणारी मुलगी आईवर का डाफरते आणि बापावर का नाही, हे हळूहळू उलगडतं. जोसायाचा समुपदेशनावर काडीचा विश्वास नाही. धाकट्या मुलाला त्याची गरज निघाल्यावर त्याच्यासाठी म्हणून हा बाप खुर्चीत बसतो आणि मग आत्यावर, मुलावर न रडलेलं सगळं त्याच्या घशाशी येतं. ही दोघं पुन्हा एकत्र येणार, हे पहिल्या पानापासून ठाऊक आहे. हेन्री परत येणार नाही, हेही ठाऊक आहे. कादंबरी या दुसऱ्या गोष्टीबद्दल कुठेही खोटं बोलत नाही. खोली ओळखायची माझी खूण हीच: सुखान्त झाल्यावरही जे दुरुस्त झालं नाही ते लेखिकेनं पानावर ठेवलंय का?

जुन्या प्रेमकादंबरीत आणि हिच्यात फरक पडलाय तो अडथळ्याच्या जागेत. पामेला रेजिस या अभ्यासक बाईंनी २००३ च्या आपल्या ग्रंथात प्रेमकादंबरीचे आठ अनिवार्य घटक सांगितले. भेट, ओढ, कबुली वगैरे अपेक्षित मंडळी त्यात आहेतच, पण गोष्ट चालवणारे दोन: दोघांमधला अडथळा, आणि आता सगळं संपलं असं वाटायला लावणारा तो मृत्यूसदृश क्षण. पूर्वी अडथळा बाहेरचा असायचा. पोचलेलंच नाही असं पत्र, मत्सरी मैत्रीण, श्रीमंत बापाचा हट्ट, अर्धवट ऐकलेलं बोलणं. ना. सी. फडक्यांनी हे सगळं अत्यंत सफाईनं वापरलं, १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये लेखनाच्या तंत्राची शास्त्रशुद्ध मांडणीही केली. फडक्यांची कादंबरी घड्याळासारखी चालते हे खरंच, पण तिच्यातला गैरसमज दूर झाला की माणसं होती तशीच एकमेकांना मिळतात. आजच्या चांगल्या प्रेमकादंबरीत गैरसमज दूर करून भागत नाही, कारण अडथळा म्हणजे त्या माणसाची घडणच असते.

हेलन होआंगच्या ‘द किस कोशंट’ची (२०१८) नायिका स्टेला अर्थमितीतज्ज्ञ आहे, पैशाला तोटा नाही, आणि ती ऑटिस्टिक आहे. होआंगला स्वतःलाही ऑटिझमचं निदान मोठेपणीच झालं. स्पर्श, आवाज, वास यांनी भांबावून जाणारी स्टेला प्रेमाचा ‘अभ्यास’ करण्यासाठी मायकल नावाच्या पुरुषाला चक्क पैसे देऊन नेमते. ही कल्पना बेतीव आहे, कबूल. पण मायकलच्या घरचा प्रसंग बघा. त्याची आई व्हिएतनामी. ती पाहुणीला प्रेमानं जेवायला वाढू बघतेय, प्लास्टिकच्या डब्यातलं अन्न मायक्रोवेव्हमध्ये गरम करतेय. आणि स्टेला, अगदी काळजीनं, सांगून टाकते की असं गरम केलेलं अन्न आरोग्याला घातक असतं. घरात टीव्हीचा आवाज, गडबड, स्टेलाचं डोकं भणभणलेलं, त्यात जो विषय काढायचा नसतो नेमका तोच तिच्या तोंडून निघतो. इथे खलनायक कोण? आईचा अपमान झाला, तोही खरा. स्टेलाच्या मनात अपमान नव्हता, हेही खरं. लग्नाआधी पहिल्यांदा मुलाच्या घरी गेलेल्या कुठल्याही मराठी मुलीला या प्रसंगातला घाम कळेल, तिला ऑटिझम असो वा नसो.

त्याच लेखिकेची ‘द हार्ट प्रिन्सिपल’ (२०२१) मला त्याहून मोठी वाटते, आणि प्रेमकादंबरी म्हणून ती जवळजवळ मोडकळीला येते हे त्याचं एक कारण आहे. अ‍ॅना व्हायोलिनवादक, तेच ते सूर पुन्हा पुन्हा घोटत अडकून पडलेली. वडिलांना पक्षाघाताचा झटका येतो आणि घर शुश्रूषेत बुडतं. थोरली बहीण हुकूम सोडते, आई तिचीच री ओढते, अ‍ॅना ‘हो’ म्हणत राहते. वडील आता या जगण्याला कंटाळलेत असं तिला दिसतं, पण ते बोलायचं कुणाकडे? आजाऱ्याचं करणाऱ्यानं थकायचं नसतं आणि थकलोय असं तर म्हणायचंच नसतं, हा दंडक कॅलिफोर्नियातल्या त्या चिनी वंशाच्या घरात आणि सदाशिव पेठेत सारखाच. बेडसोअर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला उठलेल्या माणसाला तो पाठ असतो. कित्येक पानं नायक क्वान बाजूला पडतो, प्रेम बाजूला पडतं, उरते ती फक्त दमणूक. होआंगनं हे स्वतःच्या अनुभवातून लिहिलं, आणि ते कळतं. एरवी अशा गोष्टीत वाचकाला शेवटी काय मिळतं? आजारी माणूस जातो आणि मागे राहिलेल्याला त्यागाचं प्रशस्तिपत्र मिळतं. इथे करणारीलाही जगायचा हक्क आहे, तिच्यासाठीही कुणी थांबलेलं असू शकतं, एवढं मिळतं. शेवटाची सक्ती नसती तर लेखिकेला अ‍ॅनाला तिथेच सोडून द्यायचा मोह झाला असता, असं मला वाटतं, आणि समीक्षकांनी त्याला धाडस म्हटलं असतं.

बायका हे का वाचतात याचा शोध घेण्याचा गाजलेला प्रयत्न जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये केला. तेव्हा बाजार होता तो मिल्स अँड बून आणि हार्लेक्विनचा. लंडनमध्ये १९०८ साली निघालेली पहिली कंपनी १९७१ मध्ये कॅनडातल्या दुसरीनं विकत घेतलेली, दर महिन्याला ठरलेल्या जाडीची पुस्तकं, आपल्याकडे सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत दिवसाच्या भाड्यावर फिरणारी. रॅडवे पुस्तकं बाजूला ठेवून थेट वाचणाऱ्या बायकांकडे गेल्या. अमेरिकेतल्या एका गावातल्या या बायकांचं म्हणणं असं की वाचायला बसलं की तेवढा वेळ आपण कुणाची आई नसतो, कुणाची बायको नसतो. दिवसभर सगळ्यांची काळजी त्या घेतात. पुस्तकातला नायक मात्र नायिकेची काळजी घेतो. शेवट गोड आहे ना, हे त्यातल्या कित्येक जणी आधी मागची पानं उलटून बघून घेत, मगच पुस्तक घरी नेत. रॅडवेंना या बायकांबद्दल आदर होता, तरी त्यांचा निष्कर्ष कडू होता: या वाचनातून मनाची भूक तात्पुरती भागते, आणि भूक भागली की घरात जे बदलायला हवं ते बदलण्याची निकडही ओसरते.

हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. पण त्या काळातल्या पुष्कळ नायकांचा उद्धटपणा म्हणजे लपवलेलं प्रेमच होतं, असा उलगडा शेवटी व्हायचा. आजच्या चांगल्या कादंबरीत ती पळवाट नाही. तिथे नायकाला कबुली द्यावी लागते, आणि ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ ही त्यातली सोपी कबुली. अवघड ती दुसरी: मी काय केलं, त्याचं तुला काय झालं असेल, आणि यापुढे मी काय वेगळं करणार आहे. पूर्ण वाक्यांत, मध्येच न उठता. इंग्रजी वाचकांच्या बोलीत या प्रसंगाला ‘ग्रोव्हल’ म्हणतात, आणि तो नीट जमला नाही तर पुस्तकाची धडगत नसते. आपल्या घरांत भांडण कसं मिटतं ते आठवा. दोन दिवस भांड्यांचे आवाज वाढतात, मुलांमार्फत निरोप जातात, मग तिसऱ्या दिवशी कुणीतरी ‘चहा ठेवू का?’ विचारतं आणि प्रकरण संपतं. यात मायाही असते, मी नाकारत नाही. पण काय चुकलं होतं याचा उच्चार होत नाही, आणि तीच चूक पुढच्या दिवाळीला पुन्हा होते. नायकाचे पिळदार दंड, त्याचं लाकडी घर, त्याचा गोजिरवाणा कुत्रा हे सगळं ठीक आहे. पस्तिशी-चाळिशीच्या मराठी बाईला या पुस्तकांत भेटणारी अचाट कल्पना वेगळीच आहे, ती म्हणजे आपण बोलत असताना समोरचा पुरुष फोन उलटा ठेवून ऐकतोय. आणि हे एकदा पानावर दिसलं की घरातली निकड ओसरतेच असं नाही. कधी वाढतेही.

सुख कुणाच्या वाट्याला येतं, हा प्रश्नही साधा नाही. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकाच्या स्थापनेत व्हिव्हियन स्टीव्हन्स या कृष्णवर्णीय संपादिकेचा मोठा वाटा होता. तरी या संस्थेचा ‘रीटा’ पुरस्कार पहिल्यांदा कृष्णवर्णीय लेखिकांना मिळाला तो २०१९ मध्ये. त्यातली एक केनेडी रायन. म्हणजे जवळजवळ चार दशकं, जिथे प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड असायचा त्या दुनियेत, गोड शेवटाचा मान एकाच रंगाकडे जात होता. आजारी माणसांचंही तसंच. टालिया हिबर्टची क्लोई ब्राउन फायब्रोमायल्जिया या अंगदुखीच्या आजारानं दुखरी आहे. ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’ (२०१९) संपते तेव्हाही ती दुखरीच आहे. प्रेम मिळालं म्हणून अंग दुखायचं थांबत नाही. फक्त आजाऱ्यावर प्रेम करणं हा उपकार आहे, ही कल्पना तिथे कुणाच्या मनात उरलेली नसते. दुःखाच्या कथेत अशा माणसांना जागा नेहमीच होती, तिथे त्यांची गरजच असते. लग्नाच्या मांडवात जागा मिळणं ही वेगळी गोष्ट आहे.

हे मराठी वाचकाला नवं वाटायला नको. आपल्या कादंबरीच्या सुरुवातीलाच दोन यमुना उभ्या आहेत. पहिली बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधली, १८५७ सालची, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षीची. तिचा नवरा जातो, ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. दुसरी हरिभाऊ आपट्यांची यमू, ‘पण लक्षात कोण घेतो!’मधली, ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्यानं वाचकांसमोर आलेली. तिचाही नवरा जातो. तिचं केशवपन होतं, बळजबरीनं, आणि ती झिजून मरते. पदमनजींचं पुस्तक धर्मप्रचारासाठी लिहिलेलं आणि हरिभाऊंची कादंबरी अस्सल, यात वाद नाही. वाद आहे तो आपण त्यातून जे शिकलो त्याबद्दल. विधवेचं मरण म्हणजे वास्तव आणि तिचं दुसरं लग्न म्हणजे प्रचार, असा हिशेब आपल्या रसिकतेत कायमचा बसला. गंमत अशी की यमू आणि रघुनाथराव यांचं मुंबईतलं बिऱ्हाड, नवऱ्यानं बायकोला वाचायला लावणं, दोघांचं एकमेकांशी मोकळं होत जाणं, ही हरिभाऊंची पानं मराठीतल्या उत्तम प्रेमकथेची पानं आहेत. ती तशी आहेत म्हणून पुढचं केशवपन असह्य होतं. पण परीक्षेला प्रश्न येतो तो केशवपनावर.

मग फडके-खांडेकर वाद झाला. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादात प्रेमकथा फडक्यांच्या पारड्यात पडली आणि रंजनाच्या खात्यावर जमा झाली. पुढच्या पिढीच्या समीक्षेला फडके नकोसे झाले तेव्हा त्यांच्याबरोबर प्रेमकथेचीही पत गेली. ती लिहीत राहिल्या त्या मासिकांतल्या आणि लायब्रऱ्यांतल्या लोकप्रिय लेखिका, ज्यांची नावं वाङ्मयाच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदात आटोपतात. ज्यांनी प्रेमाकडे बुद्धीनं पाहिलं त्या गौरी देशपांड्यांसारख्या लेखिकेनं स्त्रीपुरुषांच्या नात्याचं असं काही आरपार लिहिलं की आजही ते वाचताना दचकायला होतं. पण त्यांच्या नायिकांना कुणी शेवटाची हमी दिलेली नाही, आणि त्यांनी ती घेतलीही नसती. म्हणजे मराठीत खोली एकीकडे आणि हमी दुसरीकडे अशी वाटणी झाली. एमिली हेन्रीच्या ‘बीच रीड’मध्ये (२०२०) हाच तंटा गोष्ट होऊन येतो. सुखान्त लिहिणारी जॅन्युअरी आणि भारदस्त, काळोख्या कादंबऱ्या लिहिणारा गस एकमेकांचे शेजारी होतात आणि पैज लावतात: या उन्हाळ्यात तू माझ्यासारखं लिही, मी तुझ्यासारखं. वडील गेलेत आणि त्यांचं लपवलेलं आयुष्य समोर आलंय, त्यामुळे जॅन्युअरीचा सुखान्तावरचा विश्वासच उडालाय. गसला तो कधी परवडलेलाच नाही. त्याच्या निराशेत सत्य जास्त आणि तिच्या आशेत कमी, असं आपण आधीच धरून चाललेलो असतो. हेन्री ते गृहीतक हळूच काढून घेते.

सगळं छान चाललंय असं मात्र नाही. दुःख विकलं जातं हे प्रकाशकांना कळल्यापासून ते लोणच्यासारखं प्रत्येक ताटात यायला लागलंय. एक मेलेली आई, एक अपघात, एक बालपणीचा अत्याचार. दोनशेव्या पानावर उघड करायचा, दोनशे दहाव्यावर मिठी, की खोली आली. कॉलीन हूवरच्या ‘इट एंड्स विथ अस’मध्ये (२०१६) नवऱ्याची मारहाण आहे, आणि मारणाऱ्यावर प्रेम असताना बाहेर पडणं किती कठीण असतं हे त्यात पोटतिडकीनं आलंय. पण बाजारानं ती गुलाबी प्रेमकथा म्हणून खपवली. २०२३ च्या सुरुवातीला या कादंबरीवर रंग भरायचं पुस्तक काढायची घोषणा झाली! वाचक भडकले, लेखिकेनं माफी मागितली, बेत रद्द झाला. मारहाणीच्या गोष्टीत कुठला रंग कुठे भरायचा, हे कुणाच्या डोक्यात आलं असेल कोण जाणे.

दुसरी खोट भाषेची. पुष्कळ नायक-नायिका आता समुपदेशकाच्या टिपणवहीतून बोलतात. सीमारेषा आखतात, ट्रिगर ओळखतात, जखमांवर प्रक्रिया करतात. खरं माणूस अपराधी वाटायला लागलं की आधी भलतंच काहीतरी बोलतं, विषय बदलतं, जिना उतरून जातं. ‘बिफोर आय लेट गो’ चांगली वाटते कारण जोसायाला ती भाषा आधी येतच नाही. आणि पैसा? समुपदेशकाचे तासाचे पैसे कुठून येतात, आजारपणात नोकरी कशी टिकते, घराचा हप्ता कोण भरतं, या प्रश्नांना बहुतेक कादंबऱ्या शिताफीनं वळसा घालतात. नायक सुतारकाम करतो, पण उधारीत नसतो. इथे रॅडवेंचा आक्षेप अजून जिवंत आहे. दोन माणसांनी एकमेकांशी नीट वागायला शिकणं पुरेसं आहे, बाकी जग आपोआप वाट देतं, असा भास ही पुस्तकं निर्माण करतात.

म्हणूनच अशी कादंबरी मराठीत यायची तर तिला नुसतं भाषांतर होऊन भागणार नाही. वाचक आहेत. ‘प्रतिलिपी’ या ऑनलाइन मंचावर क्रमशः प्रेमकथा लिहिणाऱ्या मराठी बायका आणि पुढच्या भागाची वाट बघणाऱ्या त्यांच्या वाचिका यांच्याकडे बघितलं तर मागणीबद्दल शंका राहत नाही. अडचण आहे ती जागेची, अगदी चौरस फुटांतल्या. दोन माणसांनी चाळीस पानं एकमेकांशी खरं बोलायचं तर त्यांना बसायला खोली लागते. यास्मेन आणि जोसायाकडे अख्खं घर आहे, शिवाय बंद झाल्यानंतरचं रेस्टॉरंट आहे. डोंबिवलीच्या वन बीएचकेत हॉलमध्ये सासरे बातम्या बघताहेत, आत मुलीची बोर्डाची परीक्षा आहे, स्वयंपाकघरात सासूबाई आहेत. नवऱ्याला माफी मागायची असेल तर ती कुठे मागायची? जिन्यात शेजारी भेटतात, गच्चीला सोसायटीनं कुलूप घातलंय. स्कूटरवर मागायची तर हेल्मेटमधून ओरडून मागावी लागेल, आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला. आडनावं वेगळ्या जातीची असतील तर मुळात स्कूटरवर बसण्यापर्यंत गोष्ट नेण्यातच अर्धं पुस्तक जाईल. फडक्यांनी या अडचणीवर बंगले आणि हवापालटाची गावं हा उपाय काढला होता. नव्या लेखिकेला तो वापरता येणार नाही. तिला सासूबाईंना स्वयंपाकघरातच ठेवून, त्यांना सगळं ऐकू जातंय हे धरून, ते बोलणं लिहावं लागेल. आणि बहुधा मध्येच कधीतरी सासूबाईही आतून काहीतरी बोलतील.